सरासोटाचं सर्कस संग्रहालय: आधी काय बघायचं आणि कशाकडे बघायचं

फ्लोरिडात सरासोटाला जाणारी बहुतेक मंडळी सर्कसमालक जॉन रिंगलिंगचा खाडीकाठचा वाडा बघतात, रुबेन्सची प्रचंड चित्रं बघतात आणि सर्कशीचं दालन शेवटच्या अर्ध्या तासात उरकतात. क्रम उलटा करा. सकाळी दहाला दार उघडलं की थेट सर्कशीच्या इमारतींकडे जा. तिथे निदान दोन तास हवेत, आणि तेही पाय ताजे असताना.

इमारती दोन आहेत. जुनं सर्कस संग्रहालय १९४८ सालचं. त्यात कोरीव मिरवणूक-गाड्या आणि जॉन व मेबल रिंगलिंग ज्यातून प्रवास करत तो १९०५ सालचा पुलमन कंपनीचा रेल्वे डबा आहे. माणूस उडवायची झाकिनी घराण्याची तोफही सर्कशीच्या याच संग्रहात आहे. दुसरी इमारत टिबल्स केंद्राची, २००६ साली उघडलेली. सुरुवात या दुसरीतून करावी. जुन्या गाड्या कुठे आणि कशासाठी वापरत, हे आधी कळलं की मग त्या गाड्या नुसत्या शोभेच्या वाटत नाहीत.

टिबल्स केंद्रातली प्रतिकृती हे इथे येण्याचं खरं कारण. हॉवर्ड टिबल्स यांनी पन्नासहून अधिक वर्षं खपून १९१९ ते १९३८ या काळातली रिंगलिंग सर्कस लहान आकारात उभी केली. मूळ कंपनीने नाव वापरू दिलं नाही, म्हणून तिचं नाव ‘हॉवर्ड ब्रदर्स’. प्रमाण एका फुटाला पाऊण इंच, म्हणजे सोळास एक. सहा फुटी माणूस साडेचार इंचांचा होतो आणि ४२ फुटांचं रिंगण साडेएकतीस इंचांत बसतं. आठ मोठे तंबू, १५२ गाड्या, १,३०० माणसं, ८००हून अधिक प्राणी आणि ५७ डब्यांची रेल्वे, असा पसारा आहे. खऱ्या सर्कशीची रेल्वे नव्वद-शंभर डब्यांची असे.

पहिल्या फेरीत लोक मोठ्या तंबूकडे धावतात. तसं करू नका, रेल्वेपासून सुरुवात करा. सपाट डब्यांवर गाड्या एकामागे एक चढवलेल्या असत. दोन डब्यांमधल्या फटीवर लोखंडी पत्रे टाकून शेवटच्या डब्याच्या उतरंडीवरून त्या खाली आणत. गाडीची दांडी हातात धरून दिशा देणाऱ्या माणसाचं काम सगळ्यांत धोक्याचं. गाडीला मागून रोखणारा दोर ढिला पडला की दांडी सपकन फिरे आणि माणूस आडवा होई. दांडीशी उभी असलेली ती एवढीशी आकृती शोधून बघाच. मग जेवणाचा तंबू बघा. मैदानावर आधी तोच उभा राही, कारण शेकडो माणसांनी न्याहारी केल्याशिवाय बाकीचे खांब उठत नसत. लोहाराची भट्टी, घोड्यांचे तंबू, कपडे बदलायची जागा, हे सगळं शांतपणे बघण्यासारखं आहे. दालनातला उजेड बदलत राहतो. त्यामुळे एकच कोपरा दोनदा बघितला तर दुसऱ्यांदा नवं काही सापडतं.

प्राणी शिकवणाऱ्यांचं काम मात्र प्रतिकृतीत सहज दिसत नाही, कारण त्यात हालचाल नाही. त्याची थोडी तयारी घरूनच करून जावी. कुठेही वाघ-सिंहांच्या खेळाचं चित्र, फोटो किंवा मांडणी दिसली की तीन गोष्टी शोधा: स्टूल, जनावरांना रिंगणात आणायचा बोगदा आणि अंतर.

प्रत्येक जनावराचं स्टूल ठरलेलं असतं आणि आत यायचा क्रमही. दोन भांडखोर नर शेजारी बसवले किंवा स्टुलं फुटभर जवळ आली, तर पंजा पोचतो आणि मारामारी जुंपते. शिकवताना काठीच्या टोकाला मांसाचा तुकडा असतो. जनावर स्टुलावर चढलं की तो लगेच मिळतो. उशीर झाला तर आपण कशाचं बक्षीस खाल्लं हे त्याला कळत नाही. आता अंतर. माणूस एका ठरावीक हद्दीच्या आत आला की जनावर मागे सरतं आणि तो मागे हटला की थांबतं. मागे सरायला जागाच उरली नाही तर ते उलटून अंगावर येतं. सगळा खेळ या हद्दीच्या कडेवर चालतो. हंटर बहुतेक वेळा खुणेपुरता असतो. खरी भीती पाय घसरण्याची. उभ्या माणसाला ओळखणारं जनावर पडलेल्या माणसाला भक्ष्य समजू शकतं.

मराठी माणसाने इथे एक नाव मनात ठेवून फिरावं: दामू धोत्रे. १९०२ साली पुण्यात जन्मलेला हा माणूस मामांच्या शेलार सर्कशीत वाढला. पुढे युरोपात प्राणी शिकवणारे आल्फ्रेड कूर यांच्याकडे गेला आणि १९४० साली त्यांच्याबरोबर रिंगलिंगच्या रिंगणात आला. कूर यांची पद्धत मिश्र टोळ्यांची: सिंह, वाघ, अस्वलं, बिबटे एकाच पिंजऱ्यात. धोत्रे बिबट्यांसाठी गाजले. बिबट्या सिंहापेक्षा हलका आणि चपळ असतो, उडी मारण्याआधी फारशी सूचना देत नाही आणि उंचावरूनही येतो. म्हणून त्यांच्यासोबत काम करणाऱ्याचा मान वेगळा. प्रतिकृतीचा काळ १९३८ला संपतो, त्यामुळे धोत्रे तिच्यात नाहीत. पण १९४० साली ते ज्या जगात आले ते हेच.

राहिला तो बोगदा, त्याबद्दल थोडं सांगायला हवं. गाडीतल्या पिंजऱ्यापासून रिंगणापर्यंत सळ्यांचा बोगदा जोडावा लागतो आणि खेळानंतर तो सोडवायला वेळ जातो. म्हणून हा खेळ बहुधा सुरुवातीला किंवा मध्यंतरानंतर ठेवतात. ६ जुलै १९४४ला अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात रिंगलिंगचा तंबू पेटला तेव्हा हिंस्र प्राण्यांचा खेळ नुकताच संपत होता आणि बोगदे बाहेर जायच्या वाटांवर आडवे होते. कापडाला पाणी लागू नये म्हणून पेट्रोलमध्ये विरघळवलेलं पॅराफिन चोपडलेलं होतं, त्यामुळे छत काही मिनिटांत जळालं. दीडशेहून अधिक माणसं गेली. तंबूच्या प्रतिकृतीसमोर उभं राहिलात की बोगदा कुठून जाईल आणि दारं कुठे आहेत हे बोटाने दाखवा. मुलांनाही लगेच कळतं.

झुल्याच्या कसरतींची साधनं बघताना दोराकडे न बघता दोराच्या वरच्या फिरत्या कडीकडे बघा. लिलियन लाइत्झेल एका हातावर लटकून शंभरच्या आसपास गिरक्या घेई आणि दर गिरकीला खांदा निखळून पुन्हा बसे. १९३१ साली कोपनहेगनला तीच कडी तुटली. घर्षणाने तापून आणि पुन्हा गार होऊन धातू ठिसूळ झाला होता. दोन दिवसांनी ती गेली. तोफेजवळही हेच ध्यानात असू द्या. माणूस दाबलेल्या हवेने उडतो, धूर आणि आवाज प्रेक्षकांसाठी. त्याचा जीव असतो तो जाळं कुठे लावलंय त्यावर.

लहान मुलांसाठी जमिनीलगतची तार, घोड्याच्या पाठीवर उभं राहायची जागा आणि विदूषकाची चिमुकली गाडी आहे. आठ-दहा वर्षांची मुलं इथे रमतात. प्रतिकृती बघताना मात्र चार-पाच वर्षांची मुलं कंटाळतात. काच आणि कठडा, हात कशालाच लावता येत नाही.

पैशांचं एक नीट समजून घ्या. सोमवारी प्रवेश फुकट असतो तो चित्रसंग्रहालयाचा आणि बागेचा. सर्कस त्यात येत नाही, म्हणून फक्त सर्कशीसाठी येणाऱ्याने सोमवारचा मोह धरू नये. वाड्याचं आतलं दर्शन निराळ्या तिकिटावर. सगळं आवार सहासष्ट एकरांचं आहे, उन्हाळ्यात दमट ऊन असतं. आई-बाबांना घेऊन जात असाल तर टोपी, पाणी आणि आवारातली छोटी गाडी, तिन्ही लागतील. टँपाहून गाडीने तासाभराचा रस्ता, ऑरलँडोहून दोन तासांहून जास्त. सरासोटाचा विमानतळ तर शेजारीच.

संध्याकाळ उरली तर सेंट आर्मंड्स सर्कलला जा. तिथे बागेत सर्कशीच्या गाडीच्या चाकासारख्या पाट्यांवर कलावंतांची नावं आहेत: वॅलेंडा, एमेट केली, गुंथर गेबेल-विल्यम्स. तिकीट नाही. सूर्य कलल्यावर गेलात तर धातू तापलेला नसतो आणि खाली वाकून अक्षरं वाचता येतात.