सीडॅक, खासगी क्लास की घरीच? पैसे भरण्याआधीची तुलना

गेल्या महिन्यात मावसबहिणीचा कोल्हापूरहून फोन आला. “दादा, पुण्यातला एक क्लास पंच्याऐंशी हजार सांगतोय. जावा फुल स्टॅक, सहा महिने. भरू का?”

फुल स्टॅक म्हणजे वेबसाइटची दर्शनी आणि पडद्यामागची अशा दोन्ही बाजू लिहायला शिकणं. तिचा मुलगा यंदा ईएनटीसीतून (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) बीई झाला. कॅम्पसमधून काही लागलं नाही. वर्गातली निम्मी मुलं आधीच पुण्यात कॉट बेसिसवर राहून कुठला ना कुठला क्लास लावून बसलीत, त्यामुळे घरात धाकधूक. मी लगेच “नको” म्हटलं नाही. बारा वर्षांपूर्वी मी स्वतः असेच पैसे भरले होते आणि ते सगळेच काही वाया गेले नाहीत. आता सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी फ्रेशरच्या मुलाखती घ्यायचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे क्लासमधून बाहेर पडलेली मुलंही दिसतात आणि घरी बसून शिकलेलीही.

जावा, पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषा, डेटाबेस हे सगळं शिकायला आज एक रुपयाही लागत नाही. मग क्लासचे पैसे कशाचे? माझ्या मते तीन गोष्टींचे. एक, धाक: सकाळी आठला हजर राहायचं, आठवड्याला परीक्षा, घरच्यांनी पैसे भरलेत याची लाज. दोन, तुमचा कोड वाचून “हे असं का लिहिलंस?” विचारणारा माणूस. तीन, मुलाखतीपर्यंत नेणारं दार. तीनही पर्यायांची तुलना मी याच तीन गोष्टींवर करतो. अभ्यासक्रमाच्या चकचकीत पत्रकावर करत नाही, कारण पत्रकं सगळ्यांची सारखीच असतात.

धाकाला हसू नका. हार्वर्ड आणि एमआयटीच्या ऑनलाइन कोर्सेसचा एक अभ्यास २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला होता. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी जेमतेम ३ टक्के लोकांनी कोर्स पुरा केला. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांमध्ये हेच प्रमाण ४६ टक्के होतं. पैसे भरणारे मुळात जास्त गंभीर असतात हे खरंच, पण खिशातून गेलेला पैसा माणसाला खुर्चीत बसवतो हेही खोटं नाही.

सीडॅक

पुण्याच्या सीडॅक या सरकारी संगणक संस्थेचं नाव परम महासंगणकामुळे घराघरात पोचलं. पीजी-डॅक नावाने गाजलेला त्यांचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम पुण्यातल्या फ्रेशरांच्या जगात ‘डॅक’ या एका शब्दाने ओळखला जातो. वर्षाला दोन बॅच, एक फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास आणि दुसरी ऑगस्ट-सप्टेंबरच्या. गेली काही वर्षं फी ९०,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,०६,२०० रुपये आहे.

इथे पैसे भरण्याआधी सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. बरोबर उत्तराला तीन गुण, चुकलं तर एक वजा. डॅकसाठी ए आणि बी हे विभाग लागतात: पहिल्यात इंग्रजी, गणित, तर्क असला मामला, दुसऱ्यात सी, डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्किंग. माझ्या दृष्टीने डॅकची निम्मी किंमत या परीक्षेत आहे. शेजारी बसणारा मुलगाही अभ्यास करून आलेला असतो. रात्री अकराला लॅबमधून निघताना त्याच्याशी झालेला वाद मास्तरांच्या लेक्चरपेक्षा जास्त शिकवतो.

धाकाच्या बाबतीत डॅकला तोड नाही. दिवसभर लेक्चर, मग लॅब, दर मॉड्यूलची परीक्षा, शेवटी प्रोजेक्ट. डॅक केलेला मुलगा त्या सहा महिन्यांबद्दल हॉस्टेलच्या रॅगिंगसारखं बोलतो, थोडं कण्हत आणि बरंचसं अभिमानाने. कोड वाचणाऱ्याच्या बाबतीत मात्र केंद्राकेंद्रात फरक पडतो. सीडॅकचा अभ्यासक्रम अधिकृत खासगी केंद्रांमध्येही चालतो. प्रवेश परीक्षा एक, फी एक, पण शिकवणारे वेगळे. चांगल्या रँकला चांगलं केंद्र मिळतं. उरलेली जागा उरलेल्या केंद्रात घ्यावी लागली, तर तेवढेच पैसे मोजून तुम्ही कमी विकत घेता, हे कुणी स्पष्ट सांगत नाही.

आणि दार? आहे, पण त्यावर एक पाटी आहे. सामायिक प्लेसमेंटला येणाऱ्या अनेक कंपन्या दहावी, बारावी आणि पदवी तिन्हीत ६० टक्के मागतात, मध्ये गॅप चालत नाही. बारावीला ५४ टक्के असलेला मुलगा डॅकमध्ये पहिल्या दहात येऊनही अर्ध्या मुलाखतींना बसू शकत नाही. म्हणून केंद्राकडे “प्लेसमेंट किती टक्के?” असं विचारू नका. विचारा: प्रवेश घेतलेले किती, त्यातले प्लेसमेंटला पात्र किती, आणि लागले किती. भाजक बदलला की टक्केवारी बदलते.

खासगी क्लास

पंच्याऐंशी हजारांवर १८ टक्के जीएसटी धरला की १,००,३०० होतात. म्हणजे सीडॅकपेक्षा फक्त ५,९०० रुपये कमी. मावसबहिणीला हा हिशेब सांगितला तेव्हा फोनवर ती काही क्षण गप्प झाली. क्लासवाल्याने ‘अधिक जीएसटी’ हे शब्द जरा भरभर उच्चारले होते म्हणे.

त्यात पुण्याचा खर्च. कॉट, मेस, बसपास धरून महिन्याला बारा हजार, तेही बेताने राहिलं तर. सहा महिन्यांचे बहात्तर. एकूण पावणेदोन लाखांच्या आसपास. दुसऱ्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मोठ्या सर्व्हिस कंपन्यांचं फ्रेशरचं वर्षाचं पॅकेज अजूनही साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळतं, हातात महिन्याला पंचवीस हजारांच्या आत-बाहेर येतात. म्हणजे नोकरी लागलीच तर सात महिन्यांचा पूर्ण पगार आधीच खर्च झालेला असेल.

तरीही सगळे क्लास टाकाऊ नसतात. मी लावला होता तो दोन खोल्यांचा होता, मास्तर दिवसा कंपनीत नोकरी करून संध्याकाळी शिकवायचे. ऑफिसातले खरे बग ते आमच्यासमोर फळ्यावर सोडवायला घ्यायचे. तेच माझं खरं शिक्षण. पुढे क्लास वाढला, चार शाखा झाल्या, आणि शिकवायला आदल्या बॅचची नोकरी न लागलेली मुलं आली. बाहेरचा बोर्ड तोच राहिला.

तेव्हा डेमो लेक्चरला भारावून जाऊ नका. डेमो नेहमी सगळ्यात चांगला मास्तर घेतो. त्याऐवजी चालू बॅचच्या मधल्या एखाद्या तासाला बसू द्या म्हणून विचारा. नाही म्हणाले तर उत्तर मिळालं. मग अभ्यासक्रमात थोडं उकरा, वेबसाइट बांधायची कुठली तयार साधनं शिकवतात ते बघा. स्ट्रट्स आहे? त्याच्या पहिल्या आवृत्तीचा सपोर्ट २०१३ मध्ये संपला. अँग्युलरजेएस? तेही २०२१ अखेर बंद झालं. रिअॅक्ट अजून ‘क्रिएट रिअॅक्ट अॅप’ने शिकवतात? २०२५ च्या सुरुवातीला रिअॅक्टवाल्यांनीच ते मोडीत काढलं. जावाची आवृत्ती कुठली? स्प्रिंग बूट ३ या जावाच्या साधनाला किमान जावा १७ लागते, आणि जावा ८ तर २०१४ ची. जुनं शिकणं हा गुन्हा नाही, कंपन्यांत जुना कोड रग्गड पडलेला असतो. पण क्लासने पाच वर्षांत पत्रक उघडून पाहिलेलं नाही, एवढं यातून कळतं.

दुसरा प्रश्न: माझा कोड कोण वाचणार, आठवड्यातून किती वेळा? बहुतेक ठिकाणी इथे गाडी अडते. ऐंशीची बॅच आणि एकच प्रोजेक्ट, तोही पेनड्राइव्हवरून आलेला. मुलाखतीला येणाऱ्या रेझ्युमेंमध्ये हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टीम इतक्या वेळा भेटते, की त्या हॉस्पिटलात आता माझीही फाइल असेल. डेटाबेसच्या या टेबलला ही फॉरेन की (दुसऱ्या टेबलशी जोडणारा रकाना) का, असं विचारलं की मुलगा छताकडे बघतो. त्याचा दोष नाही. त्याला हा प्रश्न सहा महिन्यांत कुणी विचारलेलाच नसतो.

‘१०० टक्के जॉब असिस्टन्स’ हे शब्द नीट वाचा. असिस्टन्स म्हणजे बऱ्याचदा एक व्हॉट्सअॅप ग्रुप, ज्यावर नोकरीच्या साइटवरच्या लिंक पुढे ढकलल्या जातात. फ्लेक्सवरच्या हसऱ्या चेहऱ्यांचंही तसंच. मी मुलाखत घेतलेल्या एका मुलाचा फोटो पुढे दोन वेगवेगळ्या क्लासच्या फ्लेक्सवर पाहिला. त्याने एक क्लास अर्धवट सोडून दुसरा लावला होता आणि नोकरी मित्राच्या रेफरलने मिळवली होती.

एका गोष्टीवर मात्र पाय आपटून सांगतो. “दोन वर्षांचा अनुभव रेझ्युमेत दाखवू, कंपनीचं लेटर आम्ही देतो,” असं कुणी म्हणालं तर बॅग उचला आणि बाहेर पडा. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक २०१४ पासून आहे. कोण कधी कुठे कामाला होता ते त्यात दिसतं. पार्श्वभूमीची पडताळणी करणाऱ्या कंपन्या तेच आधी बघतात. रुजू होऊन चार महिन्यांनी काढून टाकलेली मुलं मी पाहिलीत. असं लेटर देणारा तेव्हा फोन उचलत नाही.

हप्त्यांचंही बघा. ‘बिनव्याजी ईएमआय’ म्हणजे क्लासने दिलेली सवलत असं वाटतं, पण अनेकदा ते वित्तसंस्थेचं कर्ज असतं, तुमच्या किंवा वडिलांच्या नावावर. क्लास आवडला नाही, बंद पडला, तरी हप्ता चालू. चुकवला तर सिबिल खराब. ‘नोकरी लागल्यावर पैसे द्या’ या योजनेचा करारही शेवटच्या पानापर्यंत वाचा. अमेरिकेत ही कल्पना गाजवणाऱ्या ब्लूमटेक या कोडिंगच्या क्लासवर २०२४ मध्ये तिथल्या ग्राहक वित्त यंत्रणेने कारवाई केली: जाहिरातीत ८६ टक्क्यांपर्यंत प्लेसमेंट, आणि त्यांच्याच आतल्या नोंदींत पन्नासच्या आसपास, काही बॅचमध्ये तर तीस.

घरीच

इथे साहित्याची ददात नाही. एनपीटीईएल या सरकारी मदतीवर चालणाऱ्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चरं फुकट आहेत. प्रमाणपत्र हवं तर हजार रुपये भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची, घरून कॉपी करून नाही. १२ आठवड्यांचा कोर्स, दर आठवड्याला असाइनमेंट, त्यांचे २५ टक्के आणि परीक्षेचे ७५. हजार रुपयांत मिळणारा हा सगळ्यात स्वस्त धाक. हार्वर्डचा सीएस५० हा संगणकशास्त्राची ओळख करून देणारा कोर्स फुकट, हेलसिंकी विद्यापीठाचे जावा आणि फुल स्टॅकचे कोर्स फुकट, आणि माझ्या मते फुल स्टॅकच्या बाबतीत हेलसिंकीचा अभ्यासक्रम आपल्याकडच्या बहुतेक क्लासच्या पुढे आहे. इंग्रजीची भीती असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलचे धडे मराठीतही आहेत.

अडचण दुसरीच आहे. घरी बसलेल्या मुलाला गॅस सिलिंडर आणायला पाठवतात. “तू काय, घरीच आहेस ना!” म्हणून मी अभ्यासिका सुचवली. स्पर्धा परीक्षांच्या मुलांमुळे अभ्यासिका आता पुण्यापुरत्या उरल्या नाहीत. महिन्याला हजार-बाराशेत टेबल, पंखा, वायफाय मिळतं, आणि आजूबाजूला बारा-बारा तास मान खाली घालून बसलेली माणसं. क्लासचा धाक निम्म्याहून जास्त तिथेच मिळतो.

कोड वाचणारा माणूस मात्र घरी नसतो. एआयला विचारता येतं, आणि अडलेली एरर समजावून घ्यायला ते क्लासच्या डाउट सेशनपेक्षा बरं आहे. पण ते तुमच्याशी फार गोड बोलतं. त्यापेक्षा तीन-चार वर्षं नोकरी केलेला एखादा सिनियर शोधा, शनिवारी तासभर बसायचे पैसे द्या, आणि गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरचा तुमचा कोड त्याच्यासमोर उघडा. आठवड्याला पाचशे धरले तरी सहा महिन्यांचे तेरा हजार. माझ्या मते या सगळ्या यादीत सगळ्यात नीट लागणारा पैसा हाच.

दार मात्र घरी बसून आपोआप उघडत नाही, आणि तिथे मी सीडॅकला झुकतं माप देतो. ऑफ-कॅम्पस परीक्षा, रेफरल, छोट्या कंपन्यांत इंटर्नशिप हे सगळं स्वतः करावं लागतं. ज्याला अनोळखी माणसाला लिंक्डइनवर दोन ओळी लिहायचीही लाज वाटते, त्याला हे जड जातं.

नोकरीत असलेल्यांसाठी थोडक्यात: स्वतःच्या खिशातून लाखांचे कोर्स घेऊ नका. एडब्ल्यूएस या अॅमेझॉनच्या क्लाउड सेवेची सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट परीक्षा १५० डॉलरची, प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. एडब्ल्यूएसची पार्टनर कंपनी असेल तर वरची पायरी गाठायला तिला प्रमाणपत्रवाले लोक मोजून दाखवावे लागतात, त्यामुळे ती खुशीने परीक्षेचे पैसे देते. मॅनेजरला आधी विचारा. स्वतःचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या प्रॉडक्ट कंपनीत या कागदाला फारसं कुणी विचारत नाही.

मावसबहिणीच्या मुलाला मी सांगितलं ते असं. दहावी-बारावी-पदवीत साठच्या वर आहेस, तर पुढच्या सी-कॅटचा फॉर्म भर. परीक्षेला तीन महिने आहेत, तोवर एनपीटीईएलचा डेटा स्ट्रक्चर्सचा कोर्स आणि कोल्हापुरातच अभ्यासिका. तो अभ्यास सी-कॅटच्या बी विभागालाही लागतो, म्हणजे काहीच वाया जात नाही. रँक चांगली आली तर सीडॅकचे लाख रुपये भरा, मी हो म्हणतो. नाही आली तर तीन महिन्यांत तू स्वतःहून खुर्चीत बसतोस की नाही, ते तुलाच कळलेलं असेल, मग क्लासचं बोलू.

“आणि त्या क्लासवाल्याला काय सांगू?” मावसबहीण म्हणाली. “रोज फोन करतोय. शेवटच्या तीनच जागा उरल्यात म्हणतो.”

“अगं, गेल्या आठवड्यात किती होत्या?”

“तीनच.”