तक्रारपेटी की मार्गदर्शक शिक्षकाचा गट?

सहावी ते आठवीच्या मुलांचा त्रास वेळेत कळावा म्हणून शाळा यांपैकी एक मार्ग धरते. पेटीचा खरा फायदा म्हणजे नाव न लिहिता चिठ्ठी टाकता येते. पण ती मुख्याध्यापकांच्या दाराशी लावली की संपलं. सगळ्यांदेखत चिठ्ठी कोण टाकणार? जिन्याच्या वळणावर लावा, किल्ली दोघांकडेच ठेवा, रोज उघडा. महिन्याने उघडणाऱ्या पेटीत पुढे चॉकलेटचे कागदच निघतात. शिवाय निनावी चिठ्ठीत ‘तो मारतो’ एवढंच असतं. कोण, कुठे, कधी हे विचारायचं कुणाला?

गटाला मेहनत जास्त. एका शिक्षकाकडे 12-15 मुलं, आठवड्यातून दोनदा 20 मिनिटं, वर्षभर तोच शिक्षक. न उघडलेला डबा, अचानक बदललेला बाक, वहीतलं बिघडलेलं अक्षर त्याच्या नजरेत येतं. अभ्यासातली घसरणही तिथेच आधी दिसते. गणिताचा राहिलेला धडा त्या वेळेत घुसवला, की गट नावापुरता उरतो. आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन शिक्षकाने कधीच देऊ नये. मारहाण किंवा लैंगिक त्रासाची गोष्ट त्याच दिवशी वर कळवायची असते.

निवडायचंच तर गट. पेटी मात्र काढू नका; त्रास देणारा शिक्षकच असला, तर मुलाला तीच उरते.