बेल्टवाली स्पिन बाइक: सायकल झकास, कॅलरीचा आकडा फसवा
फ्लायव्हील (पेडलने फिरणारं चाक) जड, बेल्ट बिनआवाजाचा; व्यायामाला सायकल उत्तम. गडबड डिस्प्लेची. त्याला येते ती एकच वायर, चुंबकाच्या सेन्सरची, म्हणजे तो फक्त फेऱ्या मोजतो. पेडलचा ताण ठरवणारा नॉब सैल सोडून दहा मिनिटं ८० आरपीएमने (मिनिटाला ८० फेऱ्या) फिरवा, मग आवळून तेवढंच: टॉवेल भिजतो, कॅलरी मात्र तेवढ्याच! खरा हिशेब वॅटचा. पॉवर मीटरची (पायाचा जोर वॅटमध्ये मोजणारी) पेडलं लावून सरासरी १५० वॅटने ४५ मिनिटं चालवली, तर काम होतं ४०५ किलोज्यूल. शरीराची कार्यक्षमता २०-२५ टक्केच, म्हणजे खर्च कामाच्या चौपट-पाचपट; पण एक किलोकॅलरी म्हणजे सुमारे ४.२ किलोज्यूल, त्यामुळे खर्चही साधारण ४०० किलोकॅलरी धरायचा. पेडलं महाग वाटली तर छातीचा हार्ट रेट पट्टा घ्या, नाडीवरून कॅलरीचा अंदाज येतो. पण पंखा लावा, उकाड्याने नाडी चढली की हा आकडाही फुगतो.