स्कॅटलाइट्स: १९६४ची की सत्तरच्या दशकातली?

जमैकातल्या किंग्स्टनचा स्कॅटलाइट्स हा वाद्यवृंद मूळ रूपात जेमतेम चौदा महिने टिकला, १९६५च्या ऑगस्टमध्ये फुटलाही. तेवढ्यात स्टुडिओ वन आणि ट्रेझर आइल या तिथल्या ध्वनिमुद्रण कंपन्यांसाठी त्यांनी जे वाजवलं, ते अस्सल स्का, म्हणजे रेगेच्या आधीचं जमैकन नाचाचं संगीत: गिटार-पियानोचा ठोका मात्रेच्या मधोमध, वरून ब्रासचा (ट्रम्पेट-ट्रोम्बोनसारख्या पितळी वाद्यांचा) दणका आणि डॉन ड्रमंडचं उदास ट्रोम्बोन. नाचता नाचता गळा दाटून यावा असं. ध्वनी मात्र खरखरीत, सगळं एकमेकांत मिसळलेलं.

सत्तरच्या दशकात बेसवादक लॉइड ब्रेव्हेटने जुने सवंगडी पुन्हा जमवून ध्वनिमुद्रण केलं. त्या टेप्स बरीच वर्षं मोजक्या संग्राहकांपुरत्याच होत्या; नव्या शतकात त्या नव्याने बाहेर आल्या. इथे चाल संथ, रेगेची. बेस पोटात घुमतो, आणि ध्वनितंत्रज्ञ किंग टबीने केलेल्या डब मिक्समध्ये (मूळ ध्वनिमुद्रणातले आवाज काढून, घुमवून केलेली नवी आवृत्ती) ब्रास मध्येच विरून जातो. ड्रमंड नाही, तो १९६९मध्येच गेला. त्याची जागा रिकामीच वाटते, निदान मला.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याने १९६४पासूनच सुरुवात करावी. रात्री उशिरा, चांगले हेडफोन लावून ऐकायचं असेल तर मात्र मी सत्तरच्या दशकातल्या टेप्सच काढतो.