खिचनच्या फोटो टूरच्या नावाखाली 30,770 रुपये गेले, बुकिंग करण्याआधी वाचा

आधी आकडा सांगतो. 10,000 बुकिंगचे, नंतर 19,000, आणि वर "ड्रोन परमिशन, जीएसटीसकट" म्हणून 1,770. टोटल 30,770. यातले निम्मे माझ्या साडूचे, त्यामुळे घरात काय चाललंय ते विचारूच नका.

राजस्थानात फलोदीजवळ खिचन गाव आहे, हिवाळ्यात तिथं कांड्या करकोचे हजारोंनी उतरतात, पार मंगोलियाकडून, गावकरी त्यांना दाणे टाकतात. आम्ही भुसावळवाले हतनूरच्या बॅकवॉटरला थापट्या नि लालसरी या बदकांवर हात बसवलेले, खिचन एकदा तरी करायचंच होतं. फेसबुकवर जाहिरात दिसली, नाहाटा चौफुलीवरून ट्रॅव्हलर, राहणं-खाणं धरून 14,500 माणशी. पुढचं तुम्हाला माहितीच आहे, "भाऊ, दोनच सीट राहिल्यात", क्यूआर कोड, भलत्याच बाईच्या नावाचं खातं ("वहिनीचं आहे भाऊ").

ते सोडा. मला खातंय ते वेगळंच. बाकीचे पैसे द्यायला मी टाळाटाळ करत होतो तर त्या टूरवाल्यानं व्हिडिओ टाकला, "आज सकाळचं खिचन". पांढरेशुभ्र पक्षी, पंखांची टोकं काळी, अख्खं तळं एका झटक्यात हवेत. झालं, 19,000 तिथल्या तिथं पाठवले. अरे पण कांड्या करकोचा राखाडी असतो, मान काळी, आणि उडताना लांब पाय शेपटीच्या मागं बाहेर दिसतात. त्या व्हिडिओत एकाचेही पाय बाहेर नव्हते! ते स्नो गूज होते, उत्तर अमेरिकेतले, न्यू मेक्सिकोत बॉस्के देल अपाचेला असे थवे उठतात. आता कोणी शहाणपणा शिकवू नका, दुकानात गिऱ्हाईक समोर, स्क्रीन तडकलेली, व्हॉट्सअॅपवर पाचदा फिरून आलेला व्हिडिओ, त्यात पाय कोण मोजतं? रात्री टीव्हीवर लावला तेव्हा दिसलं, तोवर 1,770 पण गेले होते.

आणि "पक्षी उडवायची गॅरंटी आपली, माणूस ठेवलाय", असं कोणी म्हटलं की तिथंच ब्लॉक करा. थवा आपल्या वेळेनं उठतो, नाहीतर वर शिकारी पक्षी दिसला की. उडवून काढलेला फोटो काढायचाच कशाला, पाखरं उपाशी उठतात. ड्रोन तर विषयच नको.

तरी वेडी आशा म्हणून ठरल्या दिवशी पहाटे चौफुलीवर गेलो. फोन बंद.

बँकेत गेलो तर म्हणे, "पिन तुम्हीच टाकला ना, मग फ्रॉड कसा?" 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, पोचनंबर मिळाला, तेव्हापासून नुसतं "अंडर प्रोसेस". ठाण्यात गेलो तर म्हणे आरोपी राजस्थानचा दिसतो, हद्द आपली नाही, दुसऱ्या ठाण्यात पाठवलं, तिथून परत पहिल्या. 1 जुलै 2024 पासून नवा कायदा आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, तिचं कलम 173, हद्द कुठलीही असो गुन्हा नोंदवायचा, हे मी प्रिंट काढून नेलं तर साहेब जेवायला गेलेले, मग बंदोबस्ताला, मग रजेवर. आणि टेबलावरचा एक जण हसून, "काय भो, पाखरं पाहायला तीस हजार? माझ्या वावरात ये, ज्वारीवर भोरड्या पडल्यात, फुकट दाखवतो." बाकीचे खो खो. पैसे माझे गेले नि चेष्टापण माझीच.

टूरवाल्याकडं आधीच्या टूरचे कच्चे, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेले जसेच्या तसे फोटो मागा, मोबाईलचे व्हिडिओ नको. आधी जाऊन आलेल्याशी स्वतः बोला, त्यानं जोडून दिलेल्याशी नाही. पैसे गेल्याचं कळलं की त्याच तासात 1930, माझ्यासारखं गाडीची वाट बघत बसू नका.

तोच माणूस आता नव्या नावानं भिगवणची रोहित पक्ष्यांची टूर विकतोय, 6,999 ला, व्हिडिओ तोच! पैसे भरले असतील तर आजच तक्रार टाका आणि त्या "वहिनी"चा यूपीआय आयडी त्यात नक्की लिहा, एकाच खात्यावर चार-पाच तक्रारी पडल्या तर कदाचित कोणी खुर्चीतून उठेल.