परदेशात इंग्रजी शिकवायची नोकरी, आणि त्याआधी फी भरा म्हणणारे

तासिकेवर इंग्रजी शिकवणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली की हात रिकामे, आणि नेमके सुट्टीच्या तोंडावरच असे मेसेज येतात. मला चीनमधल्या एका शाळेच्या नावाने आला. व्हिडिओ कॉलवर बाई एकदम गोड, म्हणे सर इंग्रजी छान आहे तुमचं पण पासपोर्ट नेटिव्ह (म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेल्या) देशाचा नाही ना, मग आमचं १२० तासांचं टेफल (म्हणजे परभाषिकांना इंग्रजी शिकवण्याचं) सर्टिफिकेट लागेल, फी जॉइन झाल्यावर परत.

दुखऱ्या जागी बरोबर बोट ठेवतात हे लोक. कारण भेदभाव खराच आहे, दक्षिण कोरियाचा भाषा शिकवणाऱ्यांसाठीचा ई-२ व्हिसा मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, कॅनडा वगैरे सात देशांच्या नागरिकांनाच मिळतो, तुमचा अनुभव किती का असेना. वर २०२१ मध्ये चीनने खासगी शिकवण्यांवर निर्बंध आणले तेव्हा बाहेर बसून तिथल्या मुलांना ऑनलाइन शिकवणाऱ्या कितीतरी जणांचं काम गेलं. म्हणजे गरजू गिऱ्हाईक तयारच.

फी भरली. १२० तासांचा कोर्स एका संध्याकाळी संपला, मुद्दाम चुकीचं उत्तर दिलं तरी पुढचं पान उघडत होतं, शेवटी पीडीएफ आलं त्यात माझ्या आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं (इंग्रजीच्या सर्टिफिकेटवर!). केंब्रिजच्या सेल्टासारख्या शिक्षक-प्रशिक्षणाच्या कोर्सला निदान सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं, मागे ट्रेनर बसून बघतो. टेफलला जगभरात मान्यता देणारी अशी एकच संस्था नाहीये, त्यामुळे कोणीही छापतं.

मग व्हिसा. "आत्ता बिझनेस व्हिसावर या, आल्यावर बदलून देऊ." अहो तिथे नोकरीला झेड व्हिसा लागतो, आणि तो काढायला वर्क परमिटचं नोटिफिकेशन लेटर आधी हातात लागतं. ते मागितलं आणि बाई गायब. माझ्या ओळखीची एक शिक्षिका मात्र अशीच बिझनेस व्हिसावर गेली, पोचल्यावर रजिस्ट्रेशनच्या नावाखाली शाळेने पासपोर्ट ठेवून घेतला, पगार अडकवला, आणि तक्रार करायला जावं तर बेकायदा काम करते म्हणून हीच अडकणार.

बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवलेत. तक्रार ऑनलाइन टाकलीये. तो नंबर अजून चालू आहे, परवा त्यावरूनच जाहिरात फिरत होती, बाईंचा फोटो तोच, मजकूर तोच, फक्त चीन खोडून व्हिएतनाम.