नाशिकचं सार्वजनिक वाचनालय: पुढच्या रॅकवर थांबू नका, आतलं पुस्तक मागा

टिळक पथावरच्या सार्वजनिक वाचनालयाबद्दल सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. नाशिककर त्याला 'सावाना' म्हणतात. १८४० साली सुरू झालेली ही संस्था आहे, म्हणजे नाशकात रेल्वे यायच्याही आधीची. कुसुमाग्रज एके काळी तिचे अध्यक्ष होते. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. आवारातल्या परशुराम साईखेडकर नाट्यगृहात नाटक बघायला माणसं हौसेने जातात, पण शेजारच्या पुस्तकांच्या दारातून आत जाणारे त्यातले थोडेच.

माझं मत आधी सांगून टाकतो. नाशकात राहणाऱ्या आणि मराठी वाचणाऱ्या माणसाने इथली वर्गणी भरलीच पाहिजे. फक्त सभासद झाल्यावर नव्या पुस्तकांच्या रॅकपुढे उभं राहून जे दिसेल ते घेऊन घरी येऊ नका. रॅकवरचं आज ना उद्या दुकानात मिळतंच. जे दुकानात मिळत नाही, पुन्हा छापलं जात नाही, ते आत असतं आणि तोंड उघडून मागावं लागतं.

मी नाशिकरोडचा. सगळी नोकरी आमच्याकडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसमध्ये झाली. कागद हातात घ्यायचा, उजेडाला धरायचा, कडा बघायच्या, हेच काम. नोटेचा कागद कापसाचा असतो, म्हणून खिशात चुरगळून, घामाने भिजूनही तो टिकतो. पुस्तकाचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यात आम्ल राहतं, ते आतल्या आत काम करत राहतं, आणि चाळीस-पन्नास वर्षांत पान पिवळं पडून कोपऱ्यावर तुटायला लागतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कागदाची टंचाई होती, त्या वेळची पुस्तकं तर हात लावताच भुगा होतील अशा अवस्थेत असतात. त्यामुळे वाचनालयात गेलो की माझं लक्ष मजकुराच्या आधी कागदाकडे आणि जिल्दीकडे जातं.

नाशिकरोडहून जायचं तर सिटीलिंकची बस पकडा आणि शालिमारला उतरा, तिथून चालत जाता येतं. गाडी नेऊ नका असं मी सगळ्यांना सांगतो. शालिमार, मेनरोड, एम. जी. रोड या सगळ्या भागात संध्याकाळी दुचाकी लावायलासुद्धा जागा मिळत नाही, आणि सणासुदीला तर विचारूच नका. दुपारची वेळ त्यातल्या त्यात बरी.

सभासद होणं अवघड नाही. अर्ज भरायचा, फोटो आणि पत्त्याचा पुरावा द्यायचा, अनामत रक्कम आणि वर्गणी भरायची. अनामत सभासदत्व सोडताना परत मागता येते, म्हणून तिची पावती जपून ठेवा. मी ती आधार कार्डाच्या झेरॉक्सबरोबर एकाच पाकिटात ठेवतो. वर्गणीचे आकडे मुद्दाम देत नाही, ते बदलत असतात. फोन करून रक्कम, वेळ आणि सुट्टीचा वार तिन्ही एकदम विचारून घ्या, म्हणजे हेलपाटा पडत नाही.

"सार्वजनिक आहे तर फुकट का नाही?" असं माझे शेजारी विचारतात. त्यांना मी सांगतो ते इथेही लिहितो. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, पण त्यात ग्रंथालय उपकर नाही. तामिळनाडू आणि कर्नाटकात घरपट्टीसोबत ग्रंथालयासाठी उपकर घेतला जातो आणि त्यावर तिकडची ग्रंथालयं चालतात. आपल्याकडे गावोगावच्या संस्था वाचनालयं चालवतात, सरकार त्यांना अ, ब, क, ड असा दर्जा देतं आणि त्याप्रमाणे अनुदान मिळतं. अनुदानात सगळं भागत नाही. मग उरतात देणग्या आणि तुमची-आमची वर्गणी. मला हे पैसे कधी जड वाटले नाहीत. दोन माणसांच्या एका वेळच्या मिसळीला याहून जास्त जातात की कमी, हा हिशोब ज्याचा त्याने करावा. पण सभासद झालं की संस्थेच्या निवडणुकीत, नियमात बसत असेल तर, मतही देता येतं. वाचनालय आपलं आहे असं म्हणायला मला तो आधार पुरतो.

आता मुद्द्याकडे येतो.

देवघेवीच्या खिडकीवर एकदा मी एका जुन्या प्रवासवर्णनाची चौकशी केली. नाव माझ्या डोक्यात अर्धवटच होतं, लेखकाचं आडनाव तेवढं नक्की. ताईंनी संगणकावर शोधलं, मग म्हणाल्या, "काका, हे शेल्फवर नसणार, आत असेल. तुम्हाला घाई नाही ना?" घाई कसली! मी बसलो. आतून पुस्तक आलं ते तपकिरी पुठ्ठ्याच्या जिल्दीत, पाठीवर पांढऱ्या शाईने दाखल क्रमांक घातलेला. उघडलं तर खिळ्यांची छपाई, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं जुळवून कागदावर दाबलेली. पानाच्या मागच्या बाजूने बोट फिरवलं की अक्षरांचा दाब लागतो, तो आताच्या ऑफसेटच्या पुस्तकाला लागत नाही. पहिल्या पानावर वाचनालयाचा जांभळा शिक्का, त्याची कड थोडी पसरलेली. आणि शेवटी देवघेवीच्या तारखांची चिठ्ठी. तिच्यावर आधीची तारीख इतकी जुनी होती की मधल्या काळात हे पुस्तक कुणीच मागितलेलं नाही हे उघड दिसत होतं.

त्या पुस्तकाची जिल्द मी घरी आणून टेबलावर ठेवून नीट पाहिली. जुनी पुस्तकं फर्म्याफर्म्याने शिवलेली असतात. सोळा पानांचा एक फर्मा, मधोमध दोरा, असे फर्मे एकावर एक. शिलाई शाबूत असली तर पुस्तक सपाट उघडतं आणि पुन्हा बांधताही येतं. आजकालची बरीच पुस्तकं नुसत्या गोंदावर उभी असतात. चार वाचकांच्या हातून गेली की मधली पानं सुटतात. मग बाइंडर ती बाजूने टाचून बांधतो. टाचलं की प्रत्येक ओळीची आतल्या बाजूची अक्षरं जिल्दीत जातात, आणि वाचणारा दोन्ही अंगठ्यांनी पुस्तक फाकवत बसतो. फाकवलं की पुन्हा पान फाटतं. म्हणून नवं पुस्तक घरी नेलं तरी मी ते पालथं घालून ठेवत नाही आणि घरात कुणाला ठेवूही देत नाही.

संदर्भ विभागाचा अनुभव यापेक्षाही चांगला. आमच्या जॉगिंग ट्रॅकवरच्या मंडळींत एकदा जुन्या ट्रामवरून वाद झाला. नाशिकरोड स्टेशनपासून गावात घोड्यांची ट्राम जायची, हे बऱ्याच जणांना खरंच वाटत नव्हतं. मी म्हटलं, बघून येतो. मला आधी नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये, म्हणजे इंग्रज सरकारने काढलेल्या जिल्ह्याच्या माहितीग्रंथात, बघायचं सुचलं. संदर्भ विभागातल्या गृहस्थांनी लगेच सांगितलं, "काका, गॅझेटिअर १८८३ चं आहे, ट्राम १८८९ ला सुरू झाली. त्यात कशी सापडेल? नंतरचं काहीतरी काढू." दोन वाक्यांत माझी अख्खी दुपार वाचली. मग त्यांनी सुचवलं की अशा गोष्टी संस्थांच्या स्मरणिकांत आणि जुन्या नाशिककरांच्या आठवणींत शोधायच्या, आणि खरंच तिथे माग लागला. गॅझेटिअर आता नेटवर फुकट वाचायला मिळतं. पण कुठल्या साली काय छापलं गेलं आणि कुठे काय शोधायचं, हे सांगणारा माणूस समोर बसलेला असणं, यासाठी मी वर्गणी भरतो असं म्हटलं तरी चालेल. संदर्भाची पुस्तकं घरी मिळत नाहीत, तिथेच बसून वाचायची असतात. वही-पेन्सिल घेऊन जा. शाईचं पेन नको, थेंब पडला तर तो जात नाही.

झेरॉक्सबद्दल कळकळीने सांगतो. जुनं पुस्तक काचेवर पालथं दाबलं की पाठ मोडते. एकदा मोडलेली पाठ पुन्हा सरळ होत नाही. एखाद्या पानाची गरज असली तर तिथल्या माणसाला विचारा आणि परवानगी मिळाली तर मोबाइलवर फोटो काढा, पुस्तक पूर्ण न उघडता, काटकोनात धरून.

दिवाळी अंक हा वाचनालयाचा आणखी एक मोठा खजिना. मराठीत ही प्रथा १९०९ साली का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने सुरू केली. आपल्याकडची वाचनालयं दिवाळीनंतर वेगळं शुल्क घेऊन अंक वाचायला देतात, ते बहुतेकांना माहीत आहे आणि त्यासाठी गर्दीही होते. पण मला त्यातलं मोल वेगळ्या ठिकाणी दिसतं. दिवाळी अंकातल्या कितीतरी कथा, मुलाखती, व्यंगचित्रं पुढे पुस्तकात कधीच येत नाहीत. अंक पुन्हा छापला जात नाही. घरोघरचे अंक मार्चपर्यंत रद्दीत जातात. मग तो मजकूर उरतो तो फक्त कुणीतरी बांधून ठेवलेल्या गठ्ठ्यात.

उपनगरातल्या एका वाचनालयात, नाव लिहिणार नाही, मासिकांचे बांधलेले जुने खंड 'कुणी वाचत नाही' म्हणून किलोवर विकलेले मी डोळ्यांनी पाहिले. टेम्पोत टाकताना एका खंडाची पाठ सुटली आणि पानं रस्त्यावर पसरली. त्यातली कुठली पानं दुसरीकडे कुठेच नसतील, हे त्या माणसांना कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून मी कुठल्याही वाचनालयात गेलो की जुने खंड आहेत का विचारतो आणि मागून एखादा तरी वाचतो. मागणीची नोंद झाली की वस्तू जागेवर राहायची शक्यता वाढते. जागा सगळीकडेच कमी आहे. ग्रंथपालाला कधी ना कधी निवड करावीच लागते, आणि वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेलं पुस्तक त्या निवडीत आधी जातं.

लहान मुलांसाठी वेगळा बालविभाग आहे. माझी नात तिथे रमते. तिला पुस्तक मी निवडून देत नाही, तिचं ती निवडते. कधी कधी तिच्या वयाच्या मानाने फार सोपं घेते, घेऊ देतो. स्पर्धा परीक्षांची मुलं अभ्यासिकेत बसतात, त्यांच्याबद्दल मला फारसं सांगता येणार नाही. शांतता पाळतात एवढं पाहिलं आहे.

ज्यांना शालिमारपर्यंत येणं शक्य नाही त्यांनी कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमाची चौकशी करावी. पुस्तकांची पेटी सोसायटीत, कार्यालयात किंवा एखाद्या गटात येते, ठरावीक काळाने पेट्यांची अदलाबदल होते. नाशकात सुरू झालेली ही गोष्ट पुढे महाराष्ट्राबाहेरही गेली. आमच्या उपनगरातल्या म्हाताऱ्या मंडळींना जिने चढणं होत नाही, त्यांना पेटी हाच मार्ग. मात्र पेटीत जे आलं ते वाचायचं असतं. हवं ते नेमकं पुस्तक शोधायचं तर वाचनालयच गाठावं लागतं.

मागणी कशी करायची तेही सांगतो. पुस्तकाचं नाव, लेखक आणि जमलं तर प्रकाशक आणि साल कागदावर लिहून न्या. नुसतं "ते निळ्या कव्हरचं" म्हणून काम होत नाही. संगणकात सापडलं नाही तरी लगेच परतू नका. जुन्या पुस्तकांची नावं टाइप करताना ऱ्हस्व-दीर्घ इकडचं तिकडे झालेलं असतं, म्हणून लेखकाच्या आडनावावरून, मग विषयावरून असं पुन्हा बघायला सांगा. माणसं बघून देतात. गर्दीची वेळ टाळली की आणखी नीट बघून देतात. आणि वाचनालयात नसलेलं चांगलं पुस्तक घ्यावं असं वाटलं तर शिफारस लिहून द्या, खाली नाव आणि सभासद क्रमांक घाला.

शेवटी पुस्तकं भेट देण्याबद्दल. घर बदलताना लोक पोती भरून जुनी क्रमिक पुस्तकं आणि गाइडं वाचनालयाच्या दारात आणून टाकतात. त्यांचा उपयोग होत नाही, उलट जागा अडते. त्यापेक्षा घरात नाशिकसंबंधी काही छापील असेल तर ते बघा: शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, गल्लीतल्या गणेशोत्सवाची जुनी पुस्तिका, कामगार संघटनेचा अहवाल, बंद पडलेल्या स्थानिक साप्ताहिकाचे अंक. आधी यादी करून दाखवा आणि काय हवं ते त्यांना ठरवू द्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं असेल तर काढा, आत दमट राहून बुरशी येते. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, त्याची आम्लता चांगल्या कागदात उतरते. साध्या पांढऱ्या कागदात गुंडाळून, वर साल आणि कुठून आलं ते पेन्सिलीने लिहून न्या. मी माझ्याकडची प्रेसच्या कामगारांनी काढलेली एक जुनी स्मरणिका अशीच बांधून ठेवली आहे, पुढच्या फेरीला नेऊन दाखवणार आहे.